स्वतःची गाडी जहाजाने परदेशात न्यायची तर काय काय करावं लागतं

सगळ्यात आधी किती दिवस फिरायचंय ते ठरवा. तीन-चार आठवड्यांची ट्रिप असेल तर सरळ तिकडे गाडी भाड्याने घ्या, खरंच सांगतोय, कारण या प्रकारात पैसा समुद्रात कमी आणि दोन्ही टोकांच्या बंदरांवर जास्त जातो, म्हणजे जहाज चार दिवस चालो नाहीतर चाळीस, एजंटची फी, टर्मिनलचं हँडलिंग, कस्टमची तपासणी हे सगळं दोनदा द्यावं लागतं, आणि परत आणायची असेल तर चारदा. पण सहा महिने, वर्षभर फिरायचं असेल, गाडीतच झोपायची सोय करून घेतली असेल किंवा त्या गाडीवर जीव असेल (हे कारण हिशोबात बसत नाही पण बहुतेकांचं खरं कारण हेच असतं) तर पुढे वाचा.

जहाज शोधायच्या आधी बघायचं ते हे की ज्या देशात जाताय तिथे तुमची गाडी ड्युटी न भरता तात्पुरती आत घेतात का, आणि कशाच्या जोरावर. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या रहिवाशाला साधारण सहा महिने गाडी तशीच ठेवता येते. अमेरिकेत बाहेरून आलेल्या पर्यटकाला एक वर्षापर्यंत मिळतं, फक्त प्रदूषण आणि सेफ्टीचे दोन फॉर्म भरून सूट घ्यायची असते. मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत बहुतेक ठिकाणी बॉर्डरवरच खिडकीत तात्पुरत्या आयातीचा कागद बनवून देतात. आणि मग काही देश आहेत जिथे कार्नेट नावाची कस्टमची वही लागते, भारत, पाकिस्तान, इराण, इजिप्त, जपान, ऑस्ट्रेलिया ही त्यातली ठळक नावं. चीनची गोष्टच निराळी, तिथे ना कार्नेट चालत ना इंटरनॅशनल लायसन्स, तात्पुरती नंबरप्लेट, तात्पुरतं लायसन्स आणि सोबत तिथला गाइड असं सगळं आधी लावून ठेवावं लागतं.

कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा. तुमच्या देशातला ऑटोमोबाइल क्लब तो देतो, एक वर्ष चालतो, आणि त्यासाठी क्लबकडे डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी ठेवावी लागते जी गाडीची किंमत आणि कुठल्या देशांत जाणार यावर ठरते. रक्कम ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा येतो पण नीट वागलात तर ती परत मिळते. नीट वागणं म्हणजे काय तर शिक्के. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात, आत जाताना कस्टमवाला एक भाग फाडून घेतो आणि वहीत राहणाऱ्या भागावर शिक्का मारतो, बाहेर पडताना दुसरा भाग फाडून पुन्हा शिक्का. हा बाहेरचा शिक्का राहिला तर त्या देशाच्या हिशोबी गाडी अजून तिथेच आहे, म्हणजे तुम्ही ती विकली, म्हणजे आणा ड्युटी. रात्री उशिरा बॉर्डरवर माणूस जागेवर नसतो, बाकीचे "जा जा, काही होत नाही" म्हणतात, तेव्हा अजिबात जायचं नाही, गाडीत झोपायचं आणि सकाळी शिक्का घेऊनच हलायचं.

आता पाठवायची कशी. दोन रस्ते, रोरो आणि कंटेनर.

रोरो म्हणजे गाडी चालवत जहाजात नेतात आणि चालवतच उतरवतात. भाडं गाडीच्या घनफळावर लागतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. समजा तुमची गाडी ४.६ मीटर लांब, १.९ रुंद आणि टपावरच्या बॉक्ससकट २.१ उंच आहे तर झाले १८.३५ घनमीटर, तोच बॉक्स काढून गाडीत ठेवता आला आणि उंची १.८ वर आली तर १५.७३, म्हणजे अर्ध्या तासाच्या पान्याच्या कामात अडीच घनमीटरचं भाडं वाचलं. पण इथेच गोची आहे, रोरोत गाडीत सामान ठेवायला बहुतेक लाइन्स (जहाज कंपन्या) परवानगी देत नाहीत, आणि देत असल्या तरी किल्ली दुसऱ्याच्या हातात असते आणि गाडी यार्डात उघड्यावर उभी असते, किती हातांतून जाते ते देवालाच माहीत. स्टीरिओ, टूलकिट, स्पेअर व्हील, काहीही जाऊ शकतं. ज्यांची गाडी उंच आहे, कॅम्पर आहे, त्यांना मात्र बहुतेक वेळा रोरोशिवाय पर्याय नाही.

कारण कंटेनरच्या दाराची उंची. साध्या कंटेनरचं दार साधारण २.२८ मीटर उंच आणि २.३४ मीटर रुंद असतं, हाय क्यूब घेतलात तर उंची २.५८ च्या आसपास मिळते. २० फुटी कंटेनरची आतली लांबी ५.९ मीटर, म्हणजे एक गाडी आरामात. टेप घेऊन स्वतः मोजा, कंपनीच्या कॅटलॉगमधली उंची धरू नका, त्यात तुमचा रूफ रॅक, मोठे टायर, अँटेना धरलेले नसतात. दोन-तीन सेंटिमीटरसाठी अडलं तर टायरमधली हवा कमी करतात, ही जुनी ट्रिक आहे आणि चालते, फक्त पंप गाडीतच ठेवा नाहीतर तिकडे बाहेर काढताना बसाल.

मी कंटेनरच्या बाजूचा माणूस आहे. स्वतः गाडी आत घालायची, स्वतः कुलूप लावायचं, दारावर सील लागताना उभं राहायचं आणि सीलच्या नंबरचा फोटो काढायचा, बस, तिकडे तोच नंबर दिसला की जीव भांड्यात पडतो.

गाडी आत रिव्हर्स घाला. का ते सांगतो. १.९ मीटरच्या गाडीला आरसे मिटूनसुद्धा दोन्ही बाजूंना जेमतेम वीत-वीतभर जागा उरते, दार पूर्ण उघडत नाही, पोट आत ओढून किंवा खिडकीतून बाहेर यावं लागतं. पहिल्या वेळी मी नाक पुढे करून घातली, खिडकीतून बाहेर आलो, मागे आलो आणि मग लक्षात आलं की बॅटरीचं टर्मिनल काढायचंय आणि बॉनेट पार आतल्या टोकाला भिंतीला चिकटलंय. घामाघूम होऊन परत टपावरून सरपटत गेलो, अंधारात, तोंडात टॉर्च धरून. रिव्हर्स घातली की बॉनेट दाराकडे राहतं, बॅटरी शेवटी आरामात सोडता येते आणि तिकडे पोचल्यावर जोडून सरळ पुढे काढता येते. फक्त खिडक्या वर करून मगच टर्मिनल काढा. हे सांगायला नको असं वाटेल पण सांगतोय.

हँडब्रेक, गिअर, चारही चाकांना रॅचेटचे पट्टे आणि पुढेमागे ठोकळे. पट्टे चाकांना बांधलेले बरे, वर बॉडी सस्पेन्शनवर हलली तरी पट्टा सैल पडत नाही. लाकडी ठोकळे वापरत असाल तर त्यावर हीट ट्रीटमेंटचा गव्हाच्या कणसासारखा शिक्का असलेलेच घ्या, बिनशिक्क्याचं लाकूड काही बंदरांवर जप्त होतं किंवा तुमच्या खर्चाने जाळतात. टाकीत पाव किंवा त्याहून कमी इंधन, एजंट सांगेल तितकंच. गॅस सिलिंडर, स्टोव्हचा कॅन, फटाक्यासारखे फ्लेअर काही नको. जास्त दिवसांचा प्रवास असेल तर ओलावा शोषणाऱ्या दोन-तीन पिशव्या लटकवा, दिवसा तापून रात्री गार होताना कंटेनरच्या छताला पाणी धरतं आणि ते ठिबकतं.

४० फुटी कंटेनरमध्ये दोन गाड्या बसतात आणि खर्च वाटला जातो. हे सगळ्यात जास्त चालतं ते पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये, कारण तिथे डॅरियन गॅप आहे, शंभरेक किलोमीटर जंगल आणि दलदल, अख्ख्या पॅन-अमेरिकन हायवेला तिथे रस्ताच नाही. लोक कोलोनहून कार्ताहेनाला गाडी पाठवतात आणि स्वतः विमानाने जातात. पार्टनर शोधताना फक्त एवढं बघा की त्याच्या तारखा पक्क्या आहेत आणि कागद धड आहेत, कारण दोन्ही टोकांना दोघं हजर लागतात, त्याचा एक कागद अडला की तुमची गाडीपण आतच. पनामात पोलिस निघण्याआधी इंजिन आणि चेसिस नंबर कागदाशी ताडून बघतात, त्या दिवशी इंजिन चिखलाने माखलेलं असेल तर नंबर वाचता येत नाही आणि दुसरी तारीख.

हा चेसिस नंबर फार महत्त्वाचा. सतरा आकडे-अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. म्हणजे ओसारखं काही दिसलं तर ते शून्यच. माझ्या एजंटच्या ऑफिसात टाइप करणाऱ्याला हे माहीत नव्हतं, त्याने बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीची मालाची पावती, ती दाखवूनच तिकडे गाडी मिळते) शून्याच्या जागी ओ मारला, मी घाईत सही केली, आणि तिकडच्या कस्टमवाल्याने काचेखालच्या पट्टीवर टॉर्च मारून, बोट ठेवून एकेक अक्षर वाचत तेराव्याला मान हलवली. दुरुस्तीचा कागद यायला चार दिवस गेले आणि चारही दिवस यार्डाचं भाडं चालू. तेव्हापासून मी बिलाचा ड्राफ्ट आला की फोटोतला नंबर आणि कागदावरचा नंबर दोघं मोठ्याने वाचतो, एक माणूस फोटो, एक माणूस कागद. नावाचंही तेच, पासपोर्टवर जसं आहे तसं, स्पेलिंगसकट, सगळ्या कागदांवर. गाडी बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र लागेल, तिथल्या भाषेत भाषांतर करून. आणि बिल ऑफ लेडिंगची मूळ प्रत कुरिअरने येणार की तिकडे टेलेक्स रिलीज (मूळ प्रत न मागता गाडी सोडा असा जहाज कंपनीचा निरोप) मिळणार हे निघण्याआधी ठरवा, मूळ प्रत कुरिअरमध्ये अडकली तर गाडी समोर दिसत असून हातात येत नाही.

इन्शुरन्सबद्दल थोडं. फक्त टोटल लॉसचा (गाडी पूर्णच गेली तर पैसे देणारा) घेऊ नका असं सगळे सांगतात आणि बरोबर आहे, ओरखडा, फुटलेली काच, चोरी त्यात येत नाही. पण दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात, ती म्हणजे जनरल अॅव्हरेज. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला तर तो खर्च जहाजाचा मालक आणि त्यावरच्या सगळ्या मालाचे मालक यांच्यात वाटला जातो, तुमच्या गाडीला धक्का लागलेला नसला तरी. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सहा दिवस अडकलं तेव्हा हेच झालं, हमी दिल्याशिवाय कुणाला माल मिळाला नाही. इन्शुरन्स असेल तर ती हमी कंपनी देते, नसेल तर तुम्ही. आणि गाड्यांची जहाजं जळतातही, २०२२ मध्ये फेलिसिटी एस अझोर्सजवळ सुमारे चार हजार गाड्यांसकट जळलं आणि बुडालं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बुकिंगच्या आधीच विचारा, काही लाइन्स घेत नाहीत, घेतात त्या चार्ज किती टक्के ठेवायचा ते ठरवून देतात.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला पाठवताय तर धुण्याचं काम वॉशिंग सेंटरवर सोडू नका. तिथे चाकाच्या कमानीतली माती, सीटखालचं वाळकं पान, गवताचं बी, काहीही सापडलं की गाडी परत धुवायला जाते, तुमच्या खर्चाने. मी रेडिएटरच्या जाळीतून जुन्या टूथब्रशने आणि चिमट्याने गवताचं बी काढत दोन संध्याकाळी बसलो होतो. शिवाय १ सप्टेंबर ते ३० एप्रिल तिथे ढेकणाच्या जातीच्या एका किड्यासाठी सीझन लागू असतो, ठरावीक देशांतून निघालेल्या गाड्यांना उष्णता किंवा धुरी द्यावीच लागते, त्याचा खर्च आणि दिवस आधीच धरा.

पोचण्याच्या तारखेवर विमानाचं तिकीट काढू नका. जहाज उशिरा येतं, मध्येच दुसऱ्या बंदरावर कंटेनर बदलतो, तिथे आठवडा जातो. पण फार उशीरही नको, कारण बंदरावर मोफत दिवस मोजकेच असतात, ते संपले की कंटेनर आत पडून राहिल्याचं डेमरेज सुरू, आणि रिकामा कंटेनर वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन वेगळं. कोटेशन घेताना एकच प्रश्न लेखी विचारा, "गाडी माझ्या हातात येईपर्यंत तिकडे मला अजून काय काय भरावं लागेल?" स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा बंदराच्या गेटपर्यंतचंच असतं.

गेटबाहेर पडायच्या आधी रस्त्यावरचा थर्ड पार्टी इन्शुरन्स हातात हवा, जहाजाचा इन्शुरन्स तिथे संपला. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट कुठल्या कराराचं आहे तेही बघा, १९४९ वालं एक वर्ष चालतं, १९६८ वालं तीन वर्षांपर्यंत, आणि काही देश दोन्हींपैकी एकच मानतात. मागे देशाच्या अक्षरांचं स्टिकर. रस्त्यावर गाडी चालवायची बाजू बदलणार असेल तर हेडलाइटवर चिकटवायच्या पट्ट्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात लाइट.

परतीचं बुकिंग मात्र तिकडे मजा करण्याच्या नादात लोक विसरतात. कार्नेटची किंवा तात्पुरत्या आयातीच्या कागदाची तारीख संपायच्या निदान दोन महिने आधी एजंटला मेल टाका, कारण जहाजाला जागा नाही हे कारण कस्टमवाले ऐकत नाहीत.