लाइन गेली तरी न फसणारा ‘दिवा झाक’ खेळ

चार दिवे आणि प्रत्येकाजवळ उजेड ओळखणारा एक डोळा. दिवा पेटला की त्याच्या डोळ्यावर तळहात ठेवायचा, उशीर झाला की बाद. तान्ह्या पोळ्याला जमलेली पोट्टी तासभर हलत नाहीत.

सामान थोडंच आहे: आरडुइनो नॅनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड) 1, एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा सुटा भाग, हाच आपला डोळा) 4, एलईडी 4, 220 ओहमचे आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर प्रत्येकी 4, पाच व्होल्टचा छोटा बझर 1, 60 × 20 सेंमीची प्लायवूडची फळी. हे नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतं. तार विकत घेऊ नका, जुन्या लॅन केबलमधून आठ निघतात.

एलडीआरचं एक टोक 5 व्होल्टला. दुसऱ्या टोकाला 10 किलोओहम लावून तो ग्राउंडला न्या आणि त्याच जोडावरून तार नॅनोच्या ए0 पिनला. बाकीचे तीन असेच ए1 ते ए3 ला. एलईडी 220 ओहममधून डी2 ते डी5 ला, बझर डी8 ला. दोन डोळ्यांत 15 सेंमी अंतर ठेवा. एलईडी आपल्या डोळ्यापासून 6 सेंमी लांब हवा. जवळ लावला तर त्याचाच उजेड तळहातावर आपटून डोळ्यात शिरतो आणि झाकलेला डोळा उघडा दिसतो. एलडीआरभोवती स्केचपेनच्या नळीचा 1 सेंमी तुकडा काळी टेप गुंडाळून बसवा.

प्रोग्रामचा ढाचा सोपा: दिवा 1500 मिलिसेकंद पेटतो, दर यशाला 50 ने वेळ घटते, 400 च्या खाली जात नाही. चुकला की लांब बीप. गुण दाखवायला डिस्प्ले नको, मोजणी पोट्टी ओरडून करतातच.

खरी मेहनत उजेड ओळखण्यात आहे. एलडीआरच्या पिनवर नॅनोला मिळणारा आकडा म्हणजे वाचन; अंधार झाला की ते घटतं. ‘वाचन 300 च्या खाली म्हणजे हात’ असा ठरीव आकडा सकाळी चालतो, संध्याकाळी फसतो. म्हणून सुरुवातीला हात लांब ठेवून प्रत्येक डोळ्याचं मूळ वाचन घ्या आणि खेळताना वाचन त्याच्या 60 टक्क्यांच्या खाली गेलं तरच हात आहे असं धरा. बल्ब, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात; 20 मिलिसेकंदांतली दहा वाचनं घेऊन सरासरी काढा. दर डावाआधी मूळ वाचन नव्याने घ्या, पण चारही डोळे उघडे असतानाच. कुणाचा हात तसाच राहिला तर तो अंधारच मूळ ठरतो आणि तो डोळा आंधळा होतो.

आता लाइन जाण्याचं. दोन हातांनी दोनच डोळे झाकले जातात. तीन किंवा चार डोळ्यांचं वाचन एकदम पडलं म्हणजे हात नाही, लाइन गेली. अशा वेळी डाव थांबवा, एक सेकंद थांबून नवं मूळ वाचन घ्या. ते 50 च्या खाली असेल तर फळीवर चार्जिंगचा दिवा टांगल्याशिवाय खेळ चालणार नाही.

पॉवर बँकेचा भरवसा नको. खेळ ओढतो जेमतेम 30–40 मिलिअँपिअर, त्यामुळे फोन भरला समजून अनेक पॉवर बँका बंद पडतात. चार रिचार्जेबल पेन्सिल सेल (एकूण 4.8 व्होल्ट) नॅनोच्या 5 व्होल्टच्या पिनला जोडा. साधे चार सेल तिथे लावू नका. 6 व्होल्ट होतात आणि चिपची मर्यादा 5.5 आहे.

फळी अंगणात उन्हात मांडायची असेल तर 10 किलोओहमच्या जागी 1 किलोओहम लावा. नाहीतर वाचन 1000 च्या वर चिकटून बसतं आणि सावली पडली तरी फारसं हलत नाही.