अडकलेला स्पिनर सोडवायचाय? आधी घण खाली ठेवा

जुन्या एमजी, जग्वार, ट्रायम्फच्या तारांच्या चाकांना मधोमध एकच नट असतो, दोन किंवा तीन कानांचा. हाच स्पिनर. कानावर ठोकून सोडवायचा, ठोकूनच आवळायचा. रज-व्हिटवर्थ या इंग्लिश कंपनीने १९०८च्या सुमारास ही पद्धत आणली, ती चाक पटकन बदलता यावं म्हणून. सोलापुरात मी एकेका चाकापाशी चार-चार दिवस बसलोय. वर्षानुवर्षं चादरीखाली उभ्या असलेल्या गाडीत ग्रीस सुकून लाखेसारखं होतं, त्यात आपली धूळ. मुंबईहून आलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज वेगळाच.

दिशा आधी. गाडीच्या डाव्या बाजूला सरळ आटे, उजव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूला, उलटे आटे. घड्याळाचे काटे आठवत बसू नका. वरचा कान गाडीच्या तोंडाकडे गेला की नट सुटतो, शेपटाकडे गेला की आवळतो. दोन्ही बाजूंना हेच. नटावर बाण कोरलेला असतो, पण क्रोमचा मुलामा पुन्हा दिलेल्या नटावर तो पुसट होतो. आणि आधीच्या कुणी मालकाने हब (चाक ज्यावर चढतं तो आट्यांचा भाग) डावे-उजवे करून ठेवले असतील, तर सगळंच उलटं. म्हणून दुसऱ्या बाजूचा मोकळा नट काढून त्याचे आटे डोळ्यांनी बघा, अडकलेल्याचे त्याच्या उलट.

हे एवढं सांगतोय कारण पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या मागच्या चाकावर मी तासभर पाच पौंडी घण चालवला होता. शेजारच्या गॅरेजचे वस्ताद चहाचा ग्लास घेऊन बघत उभे. शेवटी म्हणाले, "का बे, सोडवायलास का आवळायलास?" तोवर एक कान वाकला होता आणि त्याच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती. माझ्याकडे आलेल्या "जाम" स्पिनरांपैकी बरेच असे कुणीतरी उलटे ठोकलेलेच निघाले.

लोखंडी हातोडा लांब ठेवा. शिशाचा किंवा तांब्याचा घ्या, दोनेक किलोचा. शिसं ३२७ अंशांना वितळतं. पत्र्याच्या डब्यात पाइपचा दांडा उभा धरून घरीही ओतता येतं, पण उघड्यावर, धूर अंगावर न घेता. डबा ठणठणीत कोरडा हवा, पाण्याचा एक थेंबही शिसं उडवतो. ते नको असेल तर सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही मागवाल्याकडून लूमचा जुना चामडी पिकर (धोट्याला ठोकणारा चामड्याचा तुकडा) मागून आणा. तो कानावर धरला की साधा हातोडाही चालतो.

बाकीच्या चाकांना उटी लावा. गाडी जॅकवर इतकीच उचला की टायर जमिनीला जेमतेम टेकलेला राहील. सगळं वजन चाकावर असलं की चाक एका बाजूला बसतं आणि नटाचा उतरता कोन चिमटतो. पूर्ण उचलली तर ठोक्यागणिक चाकच फिरतं. एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. हँडब्रेकवर पुढचं चाक थांबत नाही.

आता खरी मारामारी.

सगळे सांगतात, तेल ओता आणि ठोका. कुठे ओता, ते कुणी सांगत नाही. स्पिनरचं तोंड बहुधा बंद असतं. आटे आत झाकलेले. वरून बाटलीभर तेल ओतलंत तरी ते क्रोमवरून ओघळून टायरवर जाणार. मी दोन दिवस हेच करत होतो. तेलाला आत जायला एकच वाट आहे: नटाची मागची कड आणि चाकाचा मधला भाग यांच्यामधली केसभर फट. आणि चिकटलेलं असतं तेही बहुतेक वेळा तिथेच, कोनाच्या उतारावर. आट्यांचा नंबर नंतर. म्हणून पिचकारीने त्या फटीत गोल फिरवून थेंब-थेंब सोडा. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं घेतो. ते नीट मिसळत नाही, दर वेळी बाटली हलवायची. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. दर वेळी तेल सोडलं की नटाच्या मधल्या जाड भागावर शिशाच्या हातोड्याने हलक्या टिचक्या मारायच्या. हादऱ्याने तेल आत सरकतं. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. पहिल्याच संध्याकाळी घण उचलणारा माणूस कान मोडतो.

चौथ्या दिवशी आधी किंचित आवळायच्या दिशेने एक ठोका. लोक हसतात, हसू द्या. चिकटलेला थर कुठल्याही दिशेने फुटला तरी फुटला. मग सोडवायच्या दिशेने, कानाच्या टोकाजवळ, पूर्ण हात फिरवून मोजके जड ठोके. पन्नास हलक्या ठोक्यांनी कान थकतो, नट हलत नाही. टणटण आवाज बदलून बोदा झाला की थांबून बघा, बहुतेक तो हललेला असतो.

तरीही नाही? मग फळी. दीड इंची बाभळीच्या फळीत सुताराकडून नटाच्या आकाराचं भोक पाडून घ्या, कान घट्ट बसतील असं, आणि फळीला पाच फुटी पाइप बांधा. एकाने पाइपवर सावकाश वजन टाकायचं, दुसऱ्याने त्याच वेळी नटावर टिचक्या. पाइप जमिनीला टेकवून गाडीच पुढे-मागे ढकलायची युक्ती सांगणारे भेटतील. निसटलेली फळी नडगी फोडते. करू नका.

उष्णता शेवटून दुसरी. "मे महिन्यात गाडी उन्हात लावा, नट आपोआप ढिला होईल" हा सल्ला मला सोलापुरात चार जणांनी दिलाय. उन्हात नट तापतो तसा हबही तापतो. फरक पडायला नटच झटकन तापायला हवा. ब्लोलॅम्प फक्त नटावर, गोल फिरवत, दोनेक मिनिटं. टायरवर ओलं गोणपाट, आणि आधीचं तेल-अ‍ॅसिटोन पुसून, पूर्ण उडून गेल्यावरच. क्रोम निळसर पडेल, ते मान्य असेल तरच. आतलं बेअरिंगचं ग्रीस पातळ होईपर्यंत तापवू नका.

सगळ्यात शेवटी ग्राइंडर. नट मिळतो, हब सहजी मिळत नाही, म्हणून बळी नटाचा. कानाच्या मुळाशी चीर पाडत जा, आट्यांच्या अलीकडे थोडी जाडी शिल्लक ठेवा आणि ती छिन्नीने फोडा.

अमेरिकेत १९६८पासून कानवाल्या नटांवर बंदी आली, ती १९९६मध्ये उठली. त्या बंदीनंतरच्या एमजीबींना (एमजीचंच एक मॉडेल) आठकोनी नट असतो. त्याला मोठा पाना लागतो, हातोडा नव्हे.

नट निघाला की हबच्या स्प्लाइन, म्हणजे चाक ज्यांत अडकतं ते उभे दाते, बोटाने चाचपा. दात धारदार टोकाचे झाले असतील तर चाक परत चढवू नका. ठीक असतील तर सगळं रॉकेलने धुऊन स्प्लाइन, कोन आणि आटे तिन्हींना ग्रीस लावा. डावा नट डावीकडेच. ठोकून आवळा, होटगी रोडला दहा किलोमीटर फिरवून आणा, आणि परत आल्यावर चारही पुन्हा ठोका. एखादा तरी पाव फेरा सरकतोच.