सेटलमेंट की नादारी? क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन डोईजड झाल्यावर काय करावं

कार्डाची थकबाकी, दोन-तीन पर्सनल लोन, ॲपवरून घेतलेलं एखादं कर्ज; तारण कशालाच नाही आणि हप्ते पगारात बसत नाहीत. अशा वेळी मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, हे बँकेला आधी लेखी विचारा. नकार आला तरच पुढचं वाचा.

आधी वही घ्या. प्रत्येक कर्जाचं मुद्दल, व्याज, दंड, शेवटचा हप्ता कधी भरला, जामीनदार कोण आणि कोर्टाची नोटीस आली आहे का, हे लिहा. मग घरखर्च वजा जाता महिन्याला काय उरतं आणि एकरकमी किती उभे राहतील, ते पाहा. पीएफ मात्र त्यात धरू नका. कायद्याने पीएफवर जप्ती येत नाही. घाबरून तो मोडणं म्हणजे सुरक्षित पैसा आपल्या हाताने देऊन टाकणं.

थकबाकीचा बऱ्यापैकी भाग एकरकमी उभा राहत असेल, तर सेटलमेंट करा, म्हणजे बँकेशी ठरवून थकबाकीपेक्षा कमी रक्कम भरून कर्ज मिटवा. बहुतेक नोकरदारांसाठी हाच रस्ता बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. खातं ९० दिवस थकून एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होईपर्यंत बँक सहसा सूट देण्याचं बोलत नाही. पण म्हणून ‘हप्ते बंद करा, आमची फी भरा, आम्ही कर्ज अर्ध्यावर आणतो’ असं सांगणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. सूट देणं बँकेच्या मर्जीवर असतं आणि ती बोलणी तुम्ही स्वतः करू शकता.

खरी काळजी घ्यायची ती पत्राची. बँकेच्या लेटरहेडवरचं सेटलमेंट पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. त्यात कर्ज खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख आणि ही रक्कम ‘पूर्ण व अंतिम’ असल्याचा उल्लेख हवा. जामीनदार मोकळा झाला, हेही लिहून घ्या. चेक परत गेल्याचा कलम १३८ चा किंवा ऑटो-डेबिट फसल्याचा कलम २५ चा खटला चालू असेल, तर तो मागे घेण्याची अट पत्रात असलीच पाहिजे. दोन्ही फौजदारी आहेत. पैसे थेट कर्ज खात्यातच भरा, वसुली एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. नंतर नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र घ्या. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्याच बँकेकडून किमान १२ महिने नवं कर्ज मिळत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर उत्तमच, कारण तो निवाडा अंतिम असतो.

एकरकमी काहीच उभं राहत नसेल, कर्ज देणारे बरेच असतील आणि हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) होऊन जप्ती दाराशी आली असेल, तर नादारीचा, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घेण्याचा विचार करा. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली खरी, पण सामान्य कर्जदाराचा भाग अजून लागू झालेला नाही. म्हणून मुंबई शहरात १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय; उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा कायदा आणि जिल्ह्याचं कोर्ट. १९२० च्या कायद्यात अर्ज करण्यासाठी कर्जाची किमान मर्यादा अजूनही ५०० रुपये आहे!

नादार ठरलात की कर्ज देणाऱ्यांना वसुलीसाठी कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर कारवाई करता येत नाही. बदल्यात जप्तीपासून सूट असलेल्या वस्तू सोडून सगळी मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. मुक्तता (नादारीतून सोडवणारा कोर्टाचा आदेश) मिळण्याआधी वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा नावावर आला, तर तोही जातो. गावी वाटणी व्हायची असेल तर हे नीट तोला. मुक्तता मिळेपर्यंत कंपनीचं संचालकपद किंवा आमदारकी-खासदारकी मिळत नाही. आणि तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही.

दरम्यान वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच करता येतात. त्याबाहेरच्या फोनची नोंद ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. वकील परवडत नसेल तर वही आणि आलेल्या सगळ्या नोटिसा घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो.