मोठी संख्या तपासताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात स्कॉलरशिप, नवोदय आणि पोलीस भरतीची पोरं एकाच खोलीत शिकायला बसतात. परीक्षा वेगळ्या, चुका त्याच. सगळ्यात वाईट चूक म्हणजे चार-सहा भागाकार करून ‘मूळ संख्या’ लिहून मोकळं होणं.

सोयाबीनची सोंगणी चालू होती, तेव्हाची गोष्ट. फळ्यावर 30031 लिहिली. भरतीची तयारी करणारा एक हुशार पोरगा लगेच उठला. “सर, 2, 3, 5, 7, 11, 13, कशानंच भाग जात नाही. दरवेळी बाकी 1. मूळच हाये.” बाकीच्यांनी वहीत उतरवूनही घेतलं.

बाकी 1 उरणारच, कारण या सहा संख्यांचा गुणाकार 30030 आहे. अशा गुणाकारात 1 मिळवला की मूळ संख्याच मिळते, असं त्यानं कुठल्यातरी शॉर्टकटच्या व्हिडिओत ऐकलं होतं. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे दाखवणाऱ्या ग्रीक गणिती युक्लिडच्या सिद्धतेत हाच गुणाकार अधिक 1 येतो, पण असं कुठेच नाही. त्यातून एवढंच निघतं, की यादीत नसलेल्या एखाद्या मूळ संख्येनं तिला भाग जातो. मी खडू त्याच्याच हातात दिला. 17 नं भागून बाकी 9, 19 नं 11, 23 नं 16... 53 नं 33. पोरं चुळबुळ करू लागली. पुढची 59, बाकी शून्य. 59 × 509!

मी आधी वर्गमूळाचा अंदाज कोपऱ्यात लिहितो, कारण संख्या मूळ नसेल तर तिचा एखादा मूळ अवयव वर्गमूळाच्या आतच सापडतो. 173 चा वर्ग 29929, 174 चा 30276. म्हणजे 173 पर्यंतच्या 40 मूळ संख्यांनी भागून पाहायचं, मधे भाग गेला तर थांबायचं. 200 पर्यंतच्या मूळ संख्या वहीच्या मागच्या पानावर हव्यातच. ज्याला एवढाही धीर नाही, त्यानं उत्तराचा अंदाज ठोकू नये, प्रश्न सोडून द्यावा.

दुसरी चूक विभाजक मोजण्याची. 7,20,720 म्हणजे 720 × 1001. तीन अंकी संख्या दोनदा लिहिली की 7, 11, 13 नं भाग जातोच, हे पाठ असू द्या. अवयव पाडले की 2 चा घात 4, 3 चा 2, आणि 5, 7, 11, 13 एकेकदा. पोरं घातांकांचाच गुणाकार करून 8 विभाजक सांगतात. प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणा: 5 × 3 × 2 × 2 × 2 × 2, म्हणजे 240.

4 नं आणि 6 नं भाग गेला म्हणजे 24 नं जातो असं नाही. 12 नं जातो. 36 तपासून पाहा.

अंकांची बेरीज 3 आणि 9 साठीच. 7 साठी ती वापरू नका.

1 मूळ संख्या नाही.

एक्सेलमध्ये सोळा अंकी संख्या टाकली की शेवटचा अंक शून्य होतो, आणि पोरं सांगतात 10 नं भाग जातो. तिथे पंधरा अंकांपुढे भरवसा ठेवू नका. तो भागाकार वहीतच करा.