फीट येते हे जवळच्यांना कसं सांगायचं

सुरुवात आजारापासून करू नका, कामापासून करा. मी ऐरोलीहून वाशीला नोकरीला जाते. शेजारच्या टेबलावरच्या ताईंना मी आधी एवढंच म्हटलं, "मला फीट आली तर तुम्ही घड्याळ बघायचं." त्यांनी लगेच विचारलं, "आणि चप्पल नाही हुंगवायची?" काय करायचं ते कळत नाही म्हणूनच माणसं घाबरतात. काम सांगितलं की ती विचारायला लागतात, मग बोलणं सोपं होतं.

चप्पल, कांदा, किल्ल्या, कशाचाच उपयोग नाही. फीट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा किंवा पाणी घालायचं नाही. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवायच्या, डोक्याखाली ओढणी नाहीतर बॅग ठेवायची, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. ५ मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ ला फोन.

एक गोष्ट लाजून गाळू नका. फीटमध्ये कधी कधी कपड्यांत लघवी होते. शुद्धीवर येताना भोवती घोळका नको, अंगावर काहीतरी पांघरून जवळ बसणारं एकच माणूस हवं, हे मी ताईंना सांगून ठेवलंय.

लोकलने जात असाल तर फोनच्या लॉक स्क्रीनवर आजार, गोळ्यांची नावं आणि घरचा नंबर दिसेल असं करा. फलाटाच्या कडेला उभं राहू नका.

आता लग्न. "कुणाला सांगू नकोस, स्थळं येणार नाहीत," असं आई काळजीपोटी म्हणते. पण सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागल्या की डोस चुकतात, आणि डोस चुकला की फीट यायची शक्यता वाढते. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींमधली "नवरा-नवरीला वारंवार फीट येत नसावी" ही अट १९९९ मध्ये काढून टाकली आहे, हे घरात मोठ्याने वाचून दाखवा.

साखरपुड्याआधी मुलाला एकट्याला भेटा, ठाण्याच्या तलावपाळीवर म्हणा किंवा कुठेही. फाईल सोबत न्या. पुढच्या तपासणीला त्यालाही घेऊन जा. मुलं होतील का, गोळ्या किती वर्षं घ्यायच्या, हे त्याने तुमच्यासमोर डॉक्टरांनाच विचारू दे.