मुलांना एआय समजावताना: आधी मॉडेल घडवा, व्याख्या मागून

‘मशीन लर्निंग म्हणजे काय?’ इथून सुरुवात केली की बारा-चौदा वर्षांची मुलं जांभया द्यायला लागतात. त्यापेक्षा मॉडेल त्यांच्याच हातून घडवून घ्यावं. कॅमेरा असलेला कॉम्प्युटर, इंटरनेट आणि तासभर वेळ, एवढं पुरतं.

१. मॉडेल शिकवा. गूगलचं ‘टीचेबल मशीन’ ब्राउझरमध्ये फुकट चालतं, कोडिंग लागत नाही. इमेज प्रोजेक्ट उघडून ‘मूठ’ आणि ‘पंजा’ असे दोन गट करा. प्रत्येकी पन्नासेक फोटो घ्या, पण एकाच मुलाच्या हाताचे आणि एकाच भिंतीपुढे. (मुद्दाम.) मग ट्रेनिंगचं बटण दाबा. आता नावं सांगा: फोटो म्हणजे डेटा, गटाचं नाव म्हणजे लेबल, तयार झालं ते मॉडेल. मूठ कशी ओळखायची याचा एकही नियम आपण दिला नव्हता. यंत्रानं तो उदाहरणांवरून काढला. मशीन लर्निंग ते हेच.

२. आता त्याला चुकवा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कॅमेऱ्यापुढे पेन धरा. मॉडेल त्यालाही मूठ नाहीतर पंजाच ठरवेल, तेही बहुधा ठासून. ‘माहीत नाही’ हे उत्तर त्याला दिलेलंच नाही. मग दुसऱ्या मुलाचा हात, वेगळा उजेड, वेगळी भिंत. चुका दिसल्या की कारण मुलांनाच शोधू द्या. ‘आपण फोटोच एका हाताचे दिले होते’ हे त्यांच्या तोंडून आलं, की ‘बायस’ (एकांगी डेटामुळे आलेला कल) हा शब्द सांगा. मोठ्यांच्या जगातही हे घडलंय. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुका एक टक्क्याच्या आत होत्या, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत मात्र एका प्रणालीत ३४.७ टक्के. यानंतर मुलांना वेगवेगळ्या हातांचे फोटो घालून मॉडेल पुन्हा शिकवू द्या.

३. एआय (बुद्धी लागणारं काम यंत्रानं करणं) आणि मशीन लर्निंग यांतला फरक दोन खेळांवरून चटकन कळतो. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणाऱ्या ‘डीप ब्लू’ या कॉम्प्युटरला बुद्धिबळाचं ज्ञान मुख्यतः माणसांनी भरवलं होतं, तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा. २०१६ मध्ये गो या खेळात अव्वल खेळाडू ली सेडॉलला हरवणारा ‘अल्फागो’ हा प्रोग्रॅम माणसांचे डाव पाहून, मग स्वतःशीच खेळून शिकला. एआय दोन्ही, शिकलेला मुख्यतः दुसराच.

४. चॅटबॉटसाठी कागद पुरतो. ‘ढग दाटून आले, आता बहुतेक…’ याचा पुढचा शब्द प्रत्येकाला लिहायला सांगा. बरेच जण ‘पाऊस’ लिहितील. चॅटबॉटच्या मागचं लँग्वेज मॉडेलही प्रचंड मजकुरावरून पुढचा तुकडा, म्हणजे टोकन, कोणता येण्याची शक्यता जास्त ते काढतं. सफाईदार वाक्य खरं असेलच असं नाही. चॅटबॉटनं खात्रीनं दिलेल्या खोट्या उत्तराला ‘हॅल्युसिनेशन’ म्हणतात. मुलाला ज्या विषयातलं बारीकसारीक माहीत आहे, त्यातलेच प्रश्न चॅटबॉटला विचारायला लावा आणि चुका त्यालाच पकडू द्या. त्याआधी त्या सेवेची वयाची अट बघा, आणि नाव, पत्ता, शाळा टाइप करायची नाही हे बजावून ठेवा.