घरची इलेक्ट्रिक बाइक: आधी जोड मोजा, मग अँपिअर वाढवा

माझी बाइक एका जुन्या पेट्रोल गाडीच्या फ्रेमवर उभी आहे. इंजिनाच्या जागी लिथियम-आयन पॅक बसवलाय, वीस सेल सिरीजमध्ये. म्हणायला 72 व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर 84. मध्यंतरी नेहमीच्याच चढावर ती दमल्यासारखी करायला लागली. सेल म्हातारे झाले असं धरून मी नव्या पॅकचा हिशेबसुद्धा मांडला. दोष निघाला एका वायसरमध्ये.

म्हणून आपल्या हातांनी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाला मी मनापासून सांगतो, काहीही बदलायच्या आधी जोड, म्हणजे केबल नट-बोल्टने जिथे आवळली आहे त्या जागा, मोजा. डोळ्याला घट्ट दिसणारा नट आतून काय करतोय ते मल्टीमीटरशिवाय कळत नाही.

मोजायची उत्तम वेळ म्हणजे चार्जिंग चालू असताना. गाडी जागेवर असते आणि करंट स्थिर असतो. माझा चार्जर 10 अँपिअरचा आहे. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, एक टोक लगवर (केबलच्या टोकाची धातूची कडी), दुसरं त्याच जोडाच्या बस बारवर (ती कडी जिला आवळलेली असते ती धातूची पट्टी). चांगला जोड एक-दोन मिलिव्होल्ट दाखवतो. माझ्याकडे सगळे तसेच होते, मुख्य निगेटिव्हचा जोड मात्र 45 दाखवत होता. म्हणजे साडेचार मिलिओहम. चढावर 100 अँपिअर ओढले की तिथे 45 वॅट नुसते उष्णतेत जाणार, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाएवढे, तेही प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. बीएमएसला, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, यातलं काही दिसत नव्हतं, कारण हा जोड सेलच्या मोजणीबाहेर होता.

मोजण्यापूर्वी अंगठी, घड्याळ काढा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. मीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे दोनदा पाहा. तिथे राहिली आणि टोकं पॅकवर लागली तर सरळ शॉर्ट होतो. वाहनांच्या सुरक्षा नियमांत 60 व्होल्ट डीसीच्या वरचं सगळं हाय व्होल्टेज धरतात, आपला पॅक त्यात येतो.

तो जोड उघडण्याआधी पॅक वेगळा केला. हीट श्रिंक, म्हणजे जोडावरची इन्सुलेशनची नळी, टोकाला तपकिरी पडलेली, लगचं तांबं जांभळट झालेलं. आणि लग व बस बार यांच्या मधे स्प्रिंग वायसर! बांधताना मीच घातलेला. सगळा करंट त्या पोलादी वायसरमधून जात होता. बरोबर क्रम असा: बस बार, त्याला थेट चिकटून लग, मग साधा वायसर, मग स्प्रिंग वायसर, शेवटी नट. दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केले, काळवंडलेला लग कापून नवा क्रिम्प केला (केबलवर दाबून बसवला), आणि टॉर्क पान्याने आवळून नटपासून बस बारपर्यंत पेंटची एक रेघ ओढली. रेघ तुटली की नट फिरला, हे झाकण उघडताच दिसतं. पुन्हा मोजलं तर दीड मिलिव्होल्ट. चढ पूर्वीसारखा निघाला.

कंट्रोलर (पॅकमधून मोटारीला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) आणि मोटारीकडचे जोड चार्जिंगच्या वाटेवर येत नाहीत. त्यांच्यासाठी दमदार फेरी मारून लगेच टेंपरेचर गन लावा. मोटारीकडे जाणाऱ्या तीन फेज वायरींपैकी एकच जास्त तापली असेल तर तिचा लग आधी बघा.

आता ताकद वाढवण्याचं. 100 वरून 150 अँपिअर म्हणजे करंट दीडपट, पण प्रत्येक जोडातली आणि वायरीतली उष्णता सव्वादोन पट. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये आकडा बदलायला मिनिट लागतं. त्याआधी केबलची जाडी, बीएमएसची मर्यादा, सेलची क्षमता, कॉन्टॅक्टर (पॅक जोडणारा-तोडणारा मोठा रिले), फ्यूज, सगळं त्या करंटला पुरतंय का ते पाहा. फ्यूज डीसीचा आणि किमान पॅकच्या पूर्ण व्होल्टेजचा हवा. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. मोटारीत टेंपरेचर सेन्सर नसेल तर माझ्या मते पहिला खर्च त्यावरच करावा.

नुसता चढ हवा असेल तर मागचा स्प्रॉकेट बदला. 48 ऐवजी 54 दात घातले की तेवढ्याच करंटमध्ये चाकावर साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो, टॉप स्पीड साधारण 11 टक्क्यांनी उतरतो. मी हेच केलं. चेन लांब करावी लागली, आणि नव्या चेनचा ढिलेपणा पहिल्या काही फेऱ्यांत दोनदा जुळवावा लागला.

व्होल्टेज वाढवायचा विचार असेल तर कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर किती व्होल्टचे आहेत ते वाचा. 24 सेल पूर्ण भरल्यावर 100.8 व्होल्ट होतात, तिथे 100 व्होल्टचे कपॅसिटर टिकणार नाहीत. त्यात भरल्या पॅकनिशी उतारावर रीजेन (ब्रेक लावताना मोटारीने पॅक चार्ज करणं) लागलं की व्होल्टेज आणखी वर जातं. डीसी-डीसी कन्व्हर्टर (पॅकचे व्होल्ट दिवे-हॉर्नसाठी उतरवणारा) आणि चार्जरही बदलावे लागतात. कपॅसिटर हळूहळू भरू देणारा प्री-चार्ज रेझिस्टर काढून टाकू नका. तो नसला की रिकामे कपॅसिटर एका झटक्यात भरतात आणि त्या ठिणगीने कॉन्टॅक्टरची टोकं जळतात.

बदल कुठलाही असो, साधारण पन्नास किलोमीटरनंतर झाकण उघडून रेघा बघा आणि चार्जर लावून सगळे जोड परत मोजा. माझ्या वहीत प्रत्येक जोडासमोर तारीख आणि मिलिव्होल्ट लिहिलेले असतात. मुख्य निगेटिव्हसमोर आजही दीडच आहे.